जुन्या मोटारीला डिस्कचे ब्रेक बसवावेत काय?

जुन्या मोटारी हौसेने जतन करणारी मंडळी आपल्याकडे गावोगावी आढळतात. कोणाच्या दारात वडिलांच्या वेळची अँबॅसडर उभी असते, कोणाकडे फियाट 1100 असते. या मोटारींच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक असत. आजची रहदारी पाहता निदान पुढच्या चाकांना तरी डिस्कचे ब्रेक बसवावेत काय, असा प्रश्न त्यांच्या मालकांना साहजिकच पडतो. वरवर पाहता हा हौसेचा प्रश्न वाटतो. परंतु गाडीत बसणाऱ्यांचा आणि रस्त्याने चालणाऱ्यांचा जीव त्यावर अवलंबून असतो. म्हणून त्याचा शांतपणे विचार केला पाहिजे.

ब्रेकचे काम म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणे. माणसांसह 1200 किलोग्रॅम भरणारी मोटार ताशी 60 किलोमीटर वेगावरून थांबवली, तर तेवढ्या उष्णतेने अर्धा लिटर साधे पाणी उकळीला येईल. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. हीच मोटार आंबोली किंवा चोर्ला यांसारख्या घाटातून 600 मीटर खाली उतरली, तर अशा 40 थांब्यांहून अधिक ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. काही वारा व रस्ता घेतात, काही इंजिन घेते. उरलेला सारा भार ब्रेकवर पडतो.

ड्रमच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात. पेडल दाबले की ते फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून घासतात. चाकाच्या फिरण्यानेच शू अधिक आवळला जातो, हा या रचनेचा मोठा गुण होय. त्यामुळे बूस्टरवाचूनही बेताच्या जोराने गाडी थांबते. दोष असा की उष्णता आत कोंडते. ड्रम तापून प्रसरण पावतो व शूपासून दूर सरतो, लायनरची पकड कमी होते आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. यालाच ब्रेक फेड होणे म्हणतात. पावसाळ्यात ड्रममध्ये पाणी शिरले, तर ते सुकेपर्यंत ब्रेक नीट धरत नाही.

डिस्कची चकती उघडी असते आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमट्यासारखे पकडतात. वाऱ्याने ती लवकर निवते आणि पाणी झटकून टाकते. इंग्लंडात लँचेस्टर यांनी 1902 साली अशा ब्रेकचे पेटंट घेतले होते. पण त्याचा बोलबाला झाला तो 1953 साली, डिस्क लावलेल्या जॅग्वार मोटारीने ल माँ येथील 24 तासांची शर्यत जिंकली तेव्हा. त्या शर्यतीतला खरा लाभ मात्र ध्यानात घेतला पाहिजे. मोठ्या वेगावरून पुन्हा पुन्हा ब्रेक लावूनही पकड टिकली, हा तो लाभ होय.

एकदाच ब्रेक लावण्याची गोष्ट वेगळी आहे. सुस्थितीतले ड्रम जर चाके जाम करू शकत असतील, तर गाडी किती अंतरात थांबेल हे टायरची पकड ठरवते. तेथे डिस्क बसवून अंतर कमी होणार नाही. म्हणून पहिला प्रश्न ड्रम की डिस्क हा नसून, आहेत ते ब्रेक धड आहेत काय, हा आहे.

तेव्हा आधी ड्रम दुरुस्त करून घ्यावेत. लायनर झिजले आहेत काय, ड्रम वाकडा आहे काय, व्हील सिलिंडर गळतो काय, रबरी नळ्या फुगल्या आहेत काय, हे पाहावे आणि शू नीट जुळवून घ्यावेत. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. डॉट 3 जातीचे नवे ऑईल निदान 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावलेल्या ऑईलची हीच मर्यादा 140 अंशांवर येते. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. आणखी एक गोष्ट महत्त्वाची. अनेक जुन्या मोटारींत चारही चाकांना एकच ऑईलमार्ग असतो. एक नळी फुटली की सारे पायाचे ब्रेक जातात. पुष्कळदा डिस्कपेक्षा दुहेरी मास्टर सिलिंडरवर केलेला खर्च अधिक उपयोगी ठरतो.

इतके केल्यावर गाडीचा वापर पाहावा. ती रविवारी शहरात फिरत असेल किंवा प्रदर्शनापुरतीच निघत असेल, तर चांगले ड्रम पुरेसे आहेत. भरल्या गाडीने वारंवार घाट उतरावा लागत असेल, तर पुढे डिस्क बसवणे योग्य होय.

पण मग काम अर्धे करू नये. डिस्कमध्ये ब्रेक आपोआप आवळला जात नाही; म्हणून दाब अधिक लागतो व बहुधा बूस्टर घ्यावा लागतो. ड्रमच्या मास्टर सिलिंडरात बहुधा नळ्यांत थोडा दाब राखणारी झडप असते. ती तशीच राहिली तर पॅड चकतीला सतत घासत राहतात. मागच्या चाकांचा दाबही बेतावा लागतो, कारण मागची चाके आधी जाम झाली तर गाडी गरकन फिरते. कॅलिपर चाकाच्या आत मावतो काय, हेही आधी मोजावे. मागचे ड्रम ठेवले म्हणजे हँडब्रेक आहे तसा राहतो.

कागदपत्रांचाही विचार हवा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली मोटारच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तेव्हा परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी यांना आधी विचारावे, आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत.

शेवटी, ब्रेक कोणताही असो, घाट उतरताना खालच्या गिअरात उतरावे. इंजिनाने जेवढा भार उचलला, तेवढी ब्रेकची शक्ती पुढच्या वळणासाठी शिल्लक राहते.