मोटारीला वारा घालताना

लेथ किंवा ड्रिल मशीन चालू असताना तुम्ही पाहिलेच असेल. तासभर काम झाले की तिची मोटार चांगलीच तापते. ही उष्णता येते कुठून आणि जाते कुठे?

मोटारीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून वीजप्रवाह वाहिला की तारेच्या रोधामुळे उष्णता निर्माण होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे जूलने १८४१ साली प्रसिद्ध केले. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट! लोखंडी गाभ्यात आणि बेअरिंगमध्येही थोडी उष्णता होते. १ अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॅटची मोटार घ्या. तिची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर ती सुमारे ९९५ वॅट वीज घेते. उरलेल्या सुमारे २५० वॅटची उष्णताच होते.

ही उष्णता बाहेर पडली नाही, तर तारेवरचे विद्युत्‌रोधक आवरण करपते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की आवरणाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. आवरण गेले की मोटार जळालीच. मग ती रिवाइंड करून येईपर्यंत काम बंद!

म्हणून बंदिस्त मोटारीच्या अंगावर पट्ट्या असतात आणि मागच्या टोपणाखाली तिच्याच शाफ्टवर पंखा असतो. पट्ट्यांमुळे पृष्ठफळ वाढते, तर पंखा तापलेली हवा हटवून गार हवा आणतो.

पण यात एक मेख आहे. आता अनेक वर्कशॉपांत विजेची वारंवारता बदलणारा ‘ड्राइव्ह’ लावून मोटारीचा वेग कमी करतात. समजा, मिनिटाला १४४० फेरे घेणारी मोटार ४८० फेऱ्यांवर आणली. शाफ्टवर जोर पूर्वीइतकाच असेल, तर वेटोळ्यांतला प्रवाह जवळजवळ तेवढाच राहतो. वारा मात्र सुमारे एक तृतीयांश होतो. मोटार मंद फिरते, तरी अधिक तापते ती यामुळे!

उपाय सोपा आहे. टोपणामागे एक वेगळा पंखा बसवावा. त्याचा वारा मूळ पंख्याच्याच दिशेने, पट्ट्यांवरून जावा. त्याला वीज ड्राइव्हमधून न देता थेट मुख्य पुरवठ्यातून द्यावी, म्हणजे त्याचा वेग घटणार नाही.

वारा किती लागेल? १ घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम. १ किलोग्रॅम हवा १ अंशाने तापवण्यास सुमारे १००० ज्यूल लागतात. हवा १० अंशांनी तापू द्यायची, तर २५० वॅट उष्णता वाहून नेण्यास सेकंदाला सुमारे २१ लिटर हवा हवी. बरीच हवा बाजूने निसटते, म्हणून पंखा मोठाच घ्यावा.

मोटारीला भोके पाडून आत वारा घालण्याचा मोह मात्र टाळावा. लोखंडाचा कीस आत शिरला, तर आवरण खरवडले जाते. पंख्याला जाळी हवी, अर्थिंग हवे आणि जोडणी जाणकारानेच, वीज बंद करून करावी. शिवाय पंखा म्हणजे जादा भार लादण्याचा परवाना नव्हे.

शाळेत याचा पडताळा सहज घेता येईल. दोन सारख्या स्टीलच्या पेल्यांत सारखेच गरम पाणी घ्या. बाष्पीभवन होऊ नये म्हणून दोन्ही झाका. एक पेला टेबल-फॅनसमोर, दुसरा आडोशाला ठेवा. दर २ मिनिटांनी तापमान नोंदवून दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. पंखा मंद करून प्रयोग पुन्हा करा आणि तिसरा आलेख कुठे पडतो ते पाहा.