ग्रेज इनपासून अल्बर्ट एम्बँकमेंटपर्यंत : लंडनची एक पायी फेरी

मराठी पर्यटकांच्या युरोप सहलीत लंडनच्या वाट्याला बहुतेक वेळा दीड-दोन दिवस येतात आणि त्या अवधीत टॉवर ब्रिज, बकिंगहॅम राजवाडा, बिग बेन व लंडन आय ही ठिकाणे बसच्या खिडकीतून किंवा थोडा वेळ खाली उतरून पाहिली जातात. त्यात गैर काही नाही. मात्र शिक्षण, कायदा व राजकारण या तिन्ही अंगांनी महाराष्ट्राचा आणि निजामाच्या राजवटीतील मराठवाड्याचाही ज्या शहराशी संबंध आला, तेथील या संबंधाच्या खुणा अशा धावत्या दौऱ्यात निसटून जातात, कारण त्या मोठ्या स्मारकांत नसून महाविद्यालयांच्या दारांत, न्यायालयाच्या कमानीखाली आणि घरांच्या भिंतींवरील पाट्यांत विखुरलेल्या आहेत. सहलीतील मोकळ्या अर्ध्या दिवसात, अथवा तेथे शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या मुलांकडे काही आठवडे राहायला गेलेल्या लातूर जिल्ह्यातील अहमदपूर-उदगीरकडील आईवडिलांच्या निवांत दिवसांत, या खुणा पाहण्याचा सोयीचा मार्ग म्हणजे खासगी मार्गदर्शित पायी फेरी, म्हणजेच एक जाणकार मार्गदर्शक केवळ आपल्याच कुटुंबासाठी ठरवून त्याच्यासोबत तीन-चार तास शहराचा एखादा भाग चालत पाहणे.

मार्गदर्शक आणि त्याचे मानधन

पायी फेऱ्या सामान्यतः तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जमलेल्या अनोळखी वीस-तीस जणांना मार्गदर्शक एकत्र घेऊन निघतो व प्रत्येकाकडून तिकीट घेतो. दुसऱ्या प्रकारात फेरी ‘विनामूल्य’ म्हणून जाहीर होते, परंतु शेवटी ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बक्षिसी द्यावी अशी अपेक्षा असते. तिसरा प्रकार खासगी फेरीचा. या तिसऱ्या प्रकारात मानधन बहुधा माणशी नसून संपूर्ण गटासाठी असते, त्यामुळे एकट्यादुकट्याला ती महाग पडते, तर पाच-सहा जणांच्या कुटुंबात तोच खर्च विभागला जाऊन आवाक्यात येतो. मार्ग, वेग आणि विषय ठरविण्याचा अधिकार मात्र याच प्रकारात पर्यटकाकडे राहतो, आणि गुडघेदुखीमुळे सावकाश चालणाऱ्या आजोबांसाठी ही सवलत लहान नव्हे.

मार्गदर्शकाच्या पात्रतेबाबतचे नियम देशोदेशी निराळे आहेत. इटली व ग्रीस येथे पुरातत्त्वीय स्थळी माहिती सांगण्यासाठी शासकीय परवाना लागतो. ब्रिटनमध्ये रस्त्यावर उभे राहून माहिती सांगण्यास कोणालाही मज्जाव नाही, तथापि दीर्घ प्रशिक्षण व परीक्षा यांनंतर मिळणारा ‘ब्लू बॅज’ हा निळा बिल्ला तेथील सर्वोच्च व्यावसायिक पात्रता मानला जातो. असा बिल्लाधारक मार्गदर्शक एका थांब्यावर फार वेळ रेंगाळत नाही, वाऱ्याचा व वाहनांचा आवाज टाळून उभे राहण्याची जागा त्याला ठाऊक असते, आणि आज दिसत नसलेली इमारत समजावून देण्यासाठी तो जुना नकाशा किंवा छायाचित्र सोबत बाळगतो. त्याचे खरे कौशल्य पुष्कळ सांगण्यापेक्षा निवडून सांगण्यात असते.

ग्रंथालयापासून प्रारंभ

मराठी कुटुंबासाठी आखलेल्या फेरीचा प्रारंभ ब्लूम्सबरी भागातील ब्रिटिश म्युझियमपासून करणे सोयीचे ठरते. तेथील घुमटाकार वाचनगृह १८५७ मध्ये खुले झाले आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमधील अभ्यासाचा मोठा काळ येथील ग्रंथांच्या सान्निध्यात घालविला. ग्रंथसंग्रह पुढे सेंट पँक्रास येथील ब्रिटिश लायब्ररीच्या नव्या इमारतीत हलविण्यात आला असून जुन्या वाचनगृहातील प्रवेश मर्यादित असतो, त्यामुळे आत जाता येईल किंवा नाही याची चौकशी मार्गदर्शकाने आधीच करणे इष्ट असते.

तेथून पूर्वेकडे पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर ग्रेज इन लागते. इंग्लंडमध्ये बॅरिस्टर, म्हणजे वरिष्ठ न्यायालयात बाजू मांडणारा वकील, होण्यासाठी चारपैकी एका ‘इन’चे सदस्य असावे लागते, लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या त्या चार संस्था होत. विद्यार्थ्याने परीक्षा देणे पुरेसे नसे, तर ठरावीक सत्रांत संस्थेच्या भोजनगृहात जेवणासाठी उपस्थित राहणेही बंधनकारक असे, आणि शाकाहारी अथवा काटकसरी भारतीय विद्यार्थ्यांना या जेवणांचा पेच पडे. गांधीजी इनर टेंपलचे सदस्य होते. ग्रेज इनमध्ये मात्र एका दशकाच्या अंतराने दोन मराठी विद्यार्थी दाखल झाले. विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये येथे आले, अभ्यासक्रम पूर्ण करूनही राजकीय कारणांवरून संस्थेने १९०९ मध्ये त्यांना बॅरिस्टरीची सनद नाकारली, डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये येथे नाव नोंदविले, बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले आणि मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठविलेले पैसे व छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर १९२० मध्ये पुन्हा येऊन त्यांनी बॅरिस्टरी पूर्ण केली. विचाराने परस्परांपासून दूर असलेल्या या दोघांची नावे एकाच संस्थेच्या इतिहासात येतात.

ग्रेज इनचे सभागृह १९४१ च्या बॉम्बवर्षावात जळाले व युद्धानंतर पुन्हा उभारण्यात आले. त्यामुळे सध्याच्या भिंती त्या दोघांनी पाहिलेल्या नव्हेत, परंतु सभागृहाच्या टोकाची कोरीव लाकडी जाळभिंत आधीच सुरक्षित ठिकाणी हलविल्याने वाचली आणि ती जुनीच आहे. हे लाकूड १५८८ मध्ये पराभूत झालेल्या स्पॅनिश आरमाराच्या जहाजाचे असल्याची आख्यायिका सांगितली जाते. चांगला मार्गदर्शक ती आख्यायिका म्हणूनच सांगतो आणि बॉम्बहल्ल्याची हकीकत इतिहास म्हणून सांगतो. सभागृह सर्वांसाठी खुले नसते, मात्र आवारातील उद्यान कामकाजाच्या दिवशी दुपारी काही वेळ लोकांना खुले असते, आणि फेरीची वेळ त्यानुसार बसविता येते.

दोन खटले

ग्रेज इनहून दक्षिणेकडे लिंकन्स इनच्या हिरवळीवरून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे जाता येते. सिडनी व बिअॅट्रिस वेब या समाजवादी दांपत्याच्या पुढाकाराने १८९५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या मुख्य इमारतीचा पायाभरणी समारंभ १९२० मध्ये, म्हणजे डॉ. आंबेडकर दुसऱ्यांदा लंडनला आले त्याच वर्षी झाला. येथे त्यांनी १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळविली, रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला व त्याला त्यांचे अध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली.

येथून चार-पाच मिनिटांवर स्ट्रँड या रस्त्यावर रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस ही १८८२ मध्ये खुली झालेली, उंच कमानी व टोकदार मनोरे असलेली भव्य इमारत उभी आहे. सुरक्षा तपासणीनंतर सामान्य माणसाला आत जाता येते, परंतु छायाचित्रे घेण्यास मनाई असते. लोकमान्य टिळकांनी पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर भरलेल्या बदनामीच्या दाव्याची सुनावणी याच इमारतीतील उच्च न्यायालयात जानेवारी-फेब्रुवारी १९१९ मध्ये झाली. चिरोल यांनी आपल्या १९१० च्या पुस्तकात टिळकांना भारतीय असंतोषाचे जनक ठरविले होते व हिंसाचाराशी त्यांचा संबंध जोडला होता. निकाल टिळकांच्या विरोधात गेला, दाव्याच्या खर्चाचा मोठा बोजा त्यांच्यावर पडला आणि तो फेडण्यासाठी महाराष्ट्रात निधी उभारण्यात आला. पुस्तकात टीका म्हणून आलेले ते बिरुद मात्र पुढे गौरवाचे झाले.

मराठवाड्यातील वाचकाला दुसरा खटला अधिक जवळचा वाटेल. हैदराबाद संस्थानाने १७ सप्टेंबर १९४८ रोजी शरणागती पत्करली, आणि हाच दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. त्याच सुमारास संस्थानाच्या लंडनमधील बँक खात्यातून दहा लाख पौंडांहून थोडी अधिक रक्कम पाकिस्तानचे तेथील उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावे वर्ग करण्यात आली. निजामाने काही दिवसांतच ती परत मागितली. बँकेने रक्कम गोठवून ठेवली, आणि परकीय राष्ट्रावर त्याच्या संमतीशिवाय दावा चालत नाही या तत्त्वामुळे, ज्याला सार्वभौम संरक्षण म्हणतात, हा वाद १९५७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च पातळीवरही अडकून पडला. पाकिस्तानने २०१३ मध्ये स्वतःच न्यायालयात धाव घेतल्यावर हे संरक्षण संपुष्टात आले, आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने व्याजासह सुमारे साडेतीन कोटी पौंडांवर गेलेला हा निधी निजामाचे वारस व भारत यांचा असल्याचा निर्णय दिला. टिळकांच्या दाव्यानंतर शंभर वर्षांनी आलेल्या या निकालातील पैसा ज्या संस्थानाचा होता, त्यात आजच्या लातूर व नांदेड जिल्ह्यांतील गावे समाविष्ट होती. लंडनच्या सर्वसाधारण फेरीत ही हकीकत सांगितली जाण्याचे कारण नाही. खासगी फेरीत ती मागून घेता येते.

न्यायालयाजवळच ऑल्डविच येथे १९३० मध्ये खुले झालेले इंडिया हाउस, म्हणजे भारतीय उच्चायुक्तालय, आहे. वास्तुविशारद हर्बर्ट बेकर यांनी त्याच्या दर्शनी भागावर ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांची चिन्हे बसविली. सावरकर राहत असलेले हायगेटचे इंडिया हाउस ते हे नव्हे, ते श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये सुरू केलेले विद्यार्थी वसतिगृह होते. नावाच्या सारखेपणामुळे होणारा हा घोटाळा मार्गदर्शक जागेवरच दूर करू शकतो.

नदीच्या काठाने

यानंतर थेम्स नदीच्या काठाने वेस्टमिन्स्टरकडे अर्ध्या तासाची वाट आहे. गोलमेज परिषदेचे उद्घाटन १२ नोव्हेंबर १९३० रोजी संसद भवनाच्या रॉयल गॅलरीत झाले, आणि डॉ. आंबेडकर परिषदेच्या तिन्ही अधिवेशनांना उपस्थित होते. संसदेसमोरील चौकात मार्च २०१५ मध्ये बसविलेला गांधीजींचा पुतळा आहे, तर लँबेथ पूल ओलांडून पलीकडे अल्बर्ट एम्बँकमेंटवर १४ नोव्हेंबर २०१५ रोजी अनावरण झालेला महात्मा बसवेश्वरांचा पुतळा आहे. बाराव्या शतकात कल्याण येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणमध्ये, बसवेश्वरांनी अनुभवमंटप ही सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांना चर्चेची मोकळीक देणारी सभा चालविली. बसवकल्याण ज्या बीदर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी अहमदपूर तालुका मोडत असे, आणि लिंगायत धर्मगुरू डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराज अहमदपूरकर यांच्या कार्यामुळे बसवेश्वरांना मानणारी लिंगायत परंपरा या भागातील घराघरांत परिचयाची आहे. त्यामुळे संसदेच्या समोरच्या तीरावर हा पुतळा का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर अहमदपूरच्या पर्यटकाजवळच असते, आणि मार्गदर्शकालाही त्याच्याकडून काही शिकता येते.

पूर्वतयारी

ही वाट सुमारे पाच किलोमीटरची असून थांब्यांसह तिला चार तास पुरतात. यापेक्षा अधिक काही तीत कोंबू नये. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते व महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतलेले १० किंग हेन्रीज रोड हे घर, टिळकांचे १९१८-१९ मधील हौली प्लेस येथील निवासस्थान आणि हायगेटचे वसतिगृह ही या वाटेपासून दूर, शहराच्या निरनिराळ्या भागांत आहेत. त्यांच्यासाठी भुयारी रेल्वेचा उपयोग करून दुसरा अर्धा दिवस काढावा. साताऱ्याच्या छत्रपतींची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ज्या ईस्ट इंडिया हाउसचे उंबरठे वर्षानुवर्षे झिजविले, ती लेडनहॉल स्ट्रीटवरील इमारत १८६१ मध्ये पाडली गेली. तेथे पाहण्यासारखे काही उरलेले नसल्याने ती जागा मार्गदर्शकाच्या कथनाशिवाय निरर्थक वाटते, आणि म्हणूनच ती वेगळ्या फेरीचा विषय होऊ शकते.

ऋतूचा विचारही आवश्यक असतो. जूनमध्ये लंडनला रात्री नऊनंतरही उजेड असतो, तर डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्यातील फेरी सकाळीच सुरू करावी लागते. पाऊस कोणत्याही महिन्यात येऊ शकतो म्हणून छत्रीपेक्षा टोपीचे जलरोधक जाकीट आणि वापरून सैल झालेली पादत्राणे अधिक उपयोगी पडतात. सर्वांत महत्त्वाची तयारी मात्र पत्राची आहे. मार्गदर्शकाला किमान काही आठवडे आधी कुटुंबातील माणसांची वये, चालण्याची क्षमता, समजणारी भाषा आणि कुतूहलाचे विषय कळवावेत. मार्गदर्शक बहुधा इंग्रजीतच बोलेल, तेव्हा घरातील कोणी थांब्याथांब्यावर मराठीत सांगणार असेल तर तेवढा वेळ हिशेबात धरण्यासही त्याला सुचवावे. टिळकांचा दावा किंवा हैदराबादचा निधी यांवर बोलण्यासाठी त्यालाही वाचन करावे लागते, जुनी छायाचित्रे शोधावी लागतात आणि उद्यानाच्या व न्यायालयाच्या वेळा जुळवाव्या लागतात. ही मागणी आयत्या वेळी ग्रेज इनच्या दारात उभे राहून केल्यास त्याच्याकडून शेक्सपिअरच्या चार ठरलेल्या गोष्टीच ऐकायला मिळतील.