खुरावरची रेघ

ठाण्याहून गायमुखाकडे जाणाऱ्या रस्त्याला आपण घोडबंदर रोड म्हणतो आणि त्या नावातला घोडा आपल्याला ऐकूही येत नाही. पोर्तुगीज अमलात अरबी व्यापाऱ्यांचे घोडे इथल्या बंदरावर उतरत, म्हणून हे घोडबंदर, अशी या नावाची उकल सांगितली जाते. खाडीकाठचा किल्ला १७३७ साली मराठ्यांनी घेतला, पुढे बंदर मागे पडलं, पण घोडा काही या भागातून गेला नाही. १८५३ मध्ये आगगाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला पोचली आणि घोड्याला नवं काम मिळालं. स्थानकापर्यंत गाडी, तिथून घरापर्यंत टांगा. कल्याण स्थानकाबाहेरची टांग्यांची रांग पाहिलेली माणसं अजून आपल्या घरांत आहेत.

रिक्षा आल्या आणि टांगे गेले. आता घोडा दिसतो तो वरातीत, नवरदेवाखाली किंवा बग्गीपुढे. क्वचित पहाटे पूर्व द्रुतगती महामार्गावर बेकायदा शर्यती लागतात आणि पोलीस गुन्हे नोंदवतात, तेव्हा बातमीत. देशभरच हा प्राणी झपाट्याने कमी होतो आहे. २०१९ च्या पशुगणनेत भारतात सुमारे ३.४ लाख घोडे आणि तट्टं मोजली गेली. २०१२ च्या मानाने ही संख्या ४५ टक्क्यांहून जास्त घटली होती. घोडे घटले तशी घोडा कळणारी माणसंही घटली. नालबंद शोधावा लागतो. खरारा कसा करायचा, चंदी कधी आणि किती द्यायची, हे वडिलांकडून मुलाकडे जाणारं ज्ञान तुटत चाललं आहे. एखादं जनावर अडचणीत सापडतं तेव्हा ही तूट फार बोचते.

वरातीच्या घोडीची अडचण तर पंचांगातच लिहिलेली आहे. आषाढी ते कार्तिकी या चार महिन्यांत लग्नाचे मुहूर्त नसतात. म्हणजे मालकाची कमाई थांबते ती नेमकी पावसाळ्यात. घोडीचं पोट मात्र थांबत नाही. तीनशे किलोच्या जनावराला रोज सहा किलोच्या आसपास सुका चारा लागतो आणि पंचवीस-तीस लिटर पाणी. शहरात चारा विकतच आणावा लागतो. मग हंगाम सरला की जनावर मोकळं सोडलं जातं. ते कचराकुंडीशी उभं राहतं, प्लास्टिकसकट उष्टं खातं, ओल्या चिखलात त्याचे खूर कुजतात. मालक क्रूरच असतो असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा तो कर्जात असतो आणि घोडीइतकाच उपाशीही.

आता समजा, अशी एक घोडी रस्त्याकडेला बसली आहे आणि तिला उठवत नाही. लोक जमतात. कुणी पोळ्या आणतं, कुणी गूळ, कुणी भिजवलेले हरभरे. या माणसांची कणव खरी असते. पण पुढच्या आठवड्यात घोडी मरते ती पुष्कळदा याच कणवेने, आणि हे का घडतं ते समजून घेणं अतिशय गरजेचं आहे.

उपासमारीत शरीर आधी साठवलेली साखर वापरतं, मग चरबी, आणि चरबी संपली की स्नायू जाळू लागतं. हृदय हाही स्नायूच. याबरोबर शरीरातले फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांचे साठे रिकामे होत जातात. रक्तात मात्र त्यांचं प्रमाण जेमतेम टिकून असतं, त्यामुळे वरून धोका दिसत नाही. अशा वेळी पोटात एकदम पिष्टमय किंवा गोड अन्न गेलं की रक्तात साखर चढते आणि ती आवरायला इन्सुलिन सुटतं. इन्सुलिन साखरेला पेशीत ढकलतं, आणि साखरेबरोबर रक्तातलं उरलंसुरलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियमही पेशींत ओढलं जातं. रक्त या क्षारांना पारखं होतं. हृदयाचे ठोके चुकतात, श्वासाचे स्नायू थकतात. घोडी पहिले दोन दिवस तरतरीत दिसते, लोक सुटकेचा निश्वास टाकतात, आणि तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ती जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले उपाशी कैदी भरपेट जेवून असेच दगावले होते. या विकाराची नीट ओळख वैद्यकाला तिथूनच झाली.

घोड्याच्या बाबतीत यावर उत्तर शोधलं ते कॅलिफोर्नियात, डेव्हिस इथल्या विद्यापीठात. कॅरोलिन स्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपासमार झालेल्या घोड्यांना वेगवेगळे आहार देऊन पाहिले. सरस ठरला तो वाळवलेला लसूणघास, आपल्या शेतकऱ्याला चांगला ठाऊक असलेला. त्यात पिष्ट कमी, प्रथिनं भरपूर, शिवाय फॉस्फरस आणि मॅग्नेशियम. पहिले तीन दिवस दर चार तासांनी जेमतेम अर्धा किलो, रात्रीसुद्धा; पुढे आठवडाभर हळूहळू वाढवत न्यायचं. हे माप साडेचारशे किलोच्या परदेशी घोड्याचं. आपल्याकडच्या तट्टाला त्याहून कमी, आणि ते पशुवैद्यानेच ठरवायचं. धान्य, चंदी, गूळ या दिवसांत अजिबात नाही. उपाशी जीव समोर डोळ्यांनी मागत असताना चार तास हात आखडून बसणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत अवघड काम असावं.

घोड्याच्या पोटाची घडणही इथे आडवी येते. गाय रवंथ करते. गिळलेलं पुन्हा तोंडात आणून चावते. घोड्याला ते जमत नाही, एवढंच काय, त्याला उलटीही होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेली झडप इतकी घट्ट असते की आत गेलेलं पुन्हा वर येऊ शकत नाही. एवढ्या थोराड जनावराचं जठर मात्र आठ ते पंधरा लिटरचं. निसर्गाने त्याला दिवसातले पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरत राहायला घडवलं आहे, आणि चाऱ्याचं खरं पचन होतं ते शेवटी, मोठ्या आतड्यात, तिथल्या जिवाणूंच्या मदतीने. पोळीभाताचा ढीग तिथे एकदम पोचला की जिवाणूंचा मेळ बिघडतो, आम्ल वाढतं. मग पोटशूळ उठतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे खुराचा आतला जोड सुजतो. पोटातल्या बिघाडाने पाय जावा, हे नवख्या माणसाला खरं वाटत नाही. पण खुराची भिंत आतल्या हाडाला ज्या नाजूक पदरांनी धरून ठेवते, त्यांना सूज येते, पकड सुटते आणि हाड खुराच्या आतच फिरतं.

घोडी किती खंगली आहे हे नजरेने ठरवायचं नसतं, हाताने चाचपायचं असतं. टेक्सासमध्ये डॉन हेनेके आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये यासाठी एक ते नऊ अशी मोजपट्टी बसवली. मान, खांद्याचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, पाठ आणि शेपटीचं मूळ अशा सहा ठिकाणी हात फिरवायचा. एक म्हणजे हाडांचा सापळा, नऊ म्हणजे चरबीने थबथबलेलं जनावर. एकवरून पाचवर यायला सहा ते दहा महिने लागू शकतात.

चेहराही बोलतो. २०१४ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी घोड्याच्या वेदनेची चेहऱ्यावरची लक्षणं बांधून दिली: मागे ताठलेले कान, अर्धवट मिटलेले डोळे, डोळ्यावरचा ताण, आवळलेला जबडा, दाबून धरलेलं तोंड, ताणलेल्या नाकपुड्या. घोडा कुत्र्यासारखा विव्हळत नाही. ज्याच्या मागे वाघ लागतो त्या प्राण्याला दुखणं दाखवून चालत नाही. म्हणून ‘शांत आहे बिचारी’ असं वाटतं, तेव्हा तिचे कान पाहावेत.

कायद्याचं काय? प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवण्याचा कायदा १९६० चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. १९६० मध्ये ती रक्कम काही असेल. आज ती वाचून चीड येते. त्याखालच्या १९६५ च्या नियमांत मात्र शहाणपण आहे: दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तास नाही, ३७ अंशांवर तापमान गेलं तर दुपारी बारा ते तीन काम नाही, काटेरी लगाम नाही. कोकणपट्टीत यातल्या उन्हाच्या नियमाला विशेष अर्थ आहे. घोडा माणसासारखाच घाम गाळून अंग थंड ठेवतो. पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि फार काळ असं झालं की काही घोड्यांचा घामच आटतो. परदेशातून उष्ण प्रदेशात आणलेल्या घोड्यांत इंग्रजांना हा विकार प्रथम दिसला. ऐन मे महिन्यात, दाट वस्तीत, झगमगत्या झुलीखाली दोन तास उभ्या असलेल्या घोडीचं अंग कोरडं असेल, तर ती सुखात आहे असं समजू नये.

मोठा निकाल लागला तो ८ जून २०१५ रोजी. ॲनिमल्स अँड बर्ड्स चॅरिटेबल ट्रस्टच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. ए. के. मेनन यांच्या खंडपीठाने मुंबईतल्या मौजेच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या वर्षभरात थांबवायला सांगितलं. घोडागाडीवर जगणाऱ्या कुटुंबांच्या आणि घोड्यांच्या पुनर्वसनाचाही विचार व्हावा, असं न्यायालयाने सरकारला बजावलं. २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया दक्षिण मुंबईत आल्या. गाडीला पर्याय सापडला. घोड्याचं आयुष्य मात्र पंचवीस-तीस वर्षांचं असतं, आणि बंदी आली म्हणून ते त्या दिवशी संपत नाही.

मुंबईने हे पूर्वीही पाहिलं आहे. १८७४ मध्ये शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली, सुमारे ९०० घोडे तिला जुंपलेले. त्याच वर्षी प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्थाही मुंबईत उभी राहिली आणि १८८३ मध्ये परळला तिचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय सुरू झालं. कल्याण-डोंबिवलीतल्या मोठ्या जनावरावर अवघड उपचार करायचे तर आजही पावलं परळकडे वळतात.

बाहेरचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश फौजेने आपले हजारो घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले. डोरोथी ब्रूक ही बाई १९३० मध्ये कैरोला आली तेव्हा त्यांतले उरलेले घोडे म्हातारे, लंगडे, गाड्या ओढताना तिला दिसले. तिने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, पैसे जमले, आणि काही वर्षांत तिने असे सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. बहुतेकांची अवस्था अशी होती की त्यांना वेदनारहित मरण देण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. पण ती मालकांना रिकाम्या हाताने पाठवत नसे, आणि १९३४ मध्ये तिने गरीब गाडीवानांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना काढला. मालक टिकला तर घोडा टिकेल, हे तिला कळलं होतं. आपल्याकडे सांगली परिसरात २००३ पासून काम करणारी ॲनिमल राहत ही संस्था याच वाटेने जाते: गावात जाऊन उपचार, मालकाशी बोलणं, आणि थकलेल्या जनावरांना निवारा.

निवाऱ्याची जागा ठाणे-डोंबिवलीच्या इमारतींत मिळणार नाही. ती मुरबाड-शहापूरकडेच शोधावी लागेल. (त्या भागात पावसाळ्यात साप चावला तर टोचलं जाणारं प्रतिविष हेसुद्धा घोड्याच्या रक्तातून मिळतं, सापाचं विष थोडं थोडं टोचून घोड्याच्या शरीरात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांची ती देणगी. त्या घोड्यांनाही कधीतरी निवृत्त व्हायचं असतं.) पण नव्या घरी नेण्याआधी ग्लँडर्सची रक्तचाचणी हवीच. हा जिवाणूजन्य रोग घोड्यांतून माणसालाही होतो. ब्रिटिशांनी १८९९ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला होता, आणि २००६ मध्ये पुणे-पाचगणीच्या घोड्यांत तो पुन्हा आढळला. रोग निघाला तर त्या घोड्याला वाचवता येत नाही, कायद्याने त्याला मरण द्यावं लागतं. म्हणून सोडवलेलं जनावर आधी वेगळं ठेवायचं, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी रक्त तपासून घ्यायचं, आणि मगच इतर घोड्यांत मिसळायचं.

घोड्याला दत्तक घेणारा पहिल्यांदा जमीन मोजतो. त्याने आधी दुसरा घोडा मोजावा. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या पायांतल्या स्नायुबंधांची रचनाच तशी आहे की सांधे अडकून राहतात. पण गाढ झोप, ज्यात स्वप्नं पडतात ती, उभ्याने लागत नाही. त्यासाठी त्याला अंग टाकावं लागतं, रोज अर्धा तास तरी. आणि सावजाच्या जातीचा प्राणी अंग टाकतो तो भोवती भीती नसेल तरच. कळपात एक आडवा होतो तेव्हा दुसरा उभा असतो. रस्त्यावर वर्षं काढलेली घोडी नव्या तबेल्यात आठवडेच्या आठवडे आडवी होत नाही. झोपेअभावी ती उभ्याउभ्या कोसळते, गुडघे फुटतात, आणि लोकांना वाटतं अशक्तपणा आहे. औषध असतं शेजारच्या दावणीला बांधलेलं दुसरं जनावर.

उपासमारीची नोंद तिच्या खुरावरही राहते. खूर केसांच्या कडेपासून खाली वाढतो, महिन्याला जेमतेम आठ-दहा मिलिमीटर. उपाशी महिन्यांत वाढलेला भाग पातळ आणि खडबडीत असतो. चारा नीट सुरू झाला की वर नवा, गुळगुळीत खूर येऊ लागतो आणि दोहोंच्या मध्ये एक आडवी रेघ उमटते. ती रेघ वाढीबरोबर खाली सरकत जाते. पावसाळ्यात सोडवलेल्या घोडीची रेघ दिवाळीला बोटभर खाली आलेली असते, होळीला खुराच्या मध्यावर. नालबंद दर सहा-आठ आठवड्यांनी येतो, तळाची कड कापतो, कानस फिरवतो. पुढचा पावसाळा उतरणीला लागतो तेव्हा रेघ जमिनीला टेकते, आणि त्या फेरीत नालबंदाच्या सुरीखाली निघालेल्या तुकड्यांबरोबर ती गवतात पडते.