पोटातल्या नऊ महिन्यांची आठवण रक्तवाहिन्या ठेवतात

कल्पना करा, नववीतल्या मुलाला क्रीडा शिबिरासाठी फिटनेस सर्टिफिकेट हवं आहे, म्हणून तुम्ही त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलात. डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. पाच मिनिटांनी पुन्हा मोजला. मग तुमच्याकडे बघून विचारलं, "जन्माच्या वेळी वजन किती होतं याचं?"

तुम्ही गोंधळता. चौदा वर्षांपूर्वीच्या वजनाचा आजच्या रक्तदाबाशी काय संबंध? पण डॉक्टरांचा पुढचा प्रश्न त्याहून अवघड असतो. "गरोदरपणात घरात कुणाला तंबाखू, सिगारेट, दारूची सवय होती का?"

या दोन प्रश्नांमागे बरंच संशोधन आहे. आज ते सोप्या भाषेत समजून घेऊया. वाचताना कुणाला अपराधी वाटावं, हा या लेखाचा हेतू नाही. आता आपल्या हातात काय आहे हे कळावं, एवढ्यासाठी तो आहे.

रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नव्हे

बागेला पाणी घालायचा नवा रबरी पाइप आठवा. नळ सोडला की तो किंचित फुगतो, बंद केला की पुन्हा पहिल्यासारखा होतो. तोच पाइप चार उन्हाळे गच्चीवर पडून राहिला की कडक होतो. निरोगी धमनी नव्या पाइपासारखी असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती थोडी ताणली जाते आणि रक्ताचा जोर सामावून घेते. धमनी कडक झाली की तो जोर पुढे तसाच जातो. हृदयाला जास्त कष्ट पडतात आणि रक्तदाब वाढतो.

डॉक्टर हे दोन प्रकारे मोजतात. एक म्हणजे नाडीची लाट शरीरातून किती वेगाने जाते. कडक धमनीत ती जास्त वेगाने पळते. दुसरं म्हणजे मानेतल्या धमनीची जाडी, जी सोनोग्राफीत दिसते. दोन्ही तपासण्यांना सुई टोचावी लागत नाही. त्यामुळे मुलांवरही त्या सहज करता येतात आणि म्हणूनच पुढची माहिती आपल्या हाती आली.

पोटात नेमकं काय घडतं?

सिगारेट किंवा विडीच्या धुरातलं निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड आईच्या रक्तातून वारेमार्गे बाळापर्यंत पोहोचतं. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतं. म्हणजे ज्या महिन्यांत बाळाच्या धमन्या घडत असतात, त्याच महिन्यांत त्याला रक्त आणि ऑक्सिजन कमी मिळतो.

दारूही वार ओलांडते. बाळाचं यकृत अजून तयार झालेलं नसतं, त्यामुळे दारूचा निचरा त्याला आईसारखा करता येत नाही. गरोदरपणातल्या दारूमुळे बाळाच्या मेंदूची आणि शरीराची वाढ खुंटते, हे १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉक्टरांनी तपशीलवार मांडलं. मुलांच्या धमन्यांवरचा दारूचा थेट परिणाम तंबाखूइतका अभ्यासला गेलेला नाही. तरी जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे: गरोदरपणात दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही. 'एखादा पेग', 'थोडीशी वाइन', 'फक्त बिअर' या सवलती बाळासाठी नसतात.

पाच वर्षांच्या मुलांच्या धमन्या

नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट शहरात संशोधकांनी पाच वर्षांच्या २५९ मुलांच्या मानेतली धमनी तपासली. ज्यांच्या आयांनी गरोदरपणात सिगारेट ओढली होती, त्या मुलांच्या धमनीचं अस्तर सरासरी १८.८ मायक्रोमीटरने जाड होतं आणि धमनीची लवचीकता १५ टक्क्यांनी कमी होती. आई आणि वडील दोघंही ओढत असतील, तर फरक आणखी मोठा होता.

१८.८ मायक्रोमीटर म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम चौथा हिस्सा. मुलाला काहीही जाणवत नाही. ते धावतं, खेळतं, शाळेत जातं. पण बालवाडीच्या वयात दिसलेला हा फरक पुढच्या साठ-सत्तर वर्षांच्या प्रवासाची सुरुवात असतो. बाळ जन्मल्यानंतरच सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या मुलांत हा फरक आढळला नाही. म्हणजे तंबाखूचा हा परिणाम गर्भातल्या महिन्यांशी जोडलेला दिसतो. २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

"आमच्या घरात कुणी सिगारेट ओढत नाही"

आपल्यापैकी अनेकजणी हे वाचून सुटकेचा निःश्वास टाकतील. पण जरा थांबा. सकाळी तव्यावर तंबाखू भाजून, तिची काळी पूड करून दातांना लावायची मशेरी तुमच्या घरात कुणी वापरतं का? छत्तीसगड आणि ओडिशात गुडाखू मिळतो, बिहारमध्ये गुल, गुजरातमध्ये बजर. नाव आणि डबी बदलते, आतली तंबाखू तीच असते.

'ती काय तंबाखू थोडीच आहे, दात घासायला लावते,' असं म्हणत आपल्या आज्या, मावश्या, कामाला येणाऱ्या ताई दिवसातून तीन-चार वेळा ती लावतात. गरोदरपणात मळमळ थांबते म्हणून तर जास्तच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातल्या १२.८ टक्के प्रौढ स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरतात. म्हणजे साधारण आठ जणींमागे एक.

मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तो २००४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली.

डॉक्टरांनी जन्माचं वजन का विचारलं, ते इथे कळतं. १९८९ मध्ये इंग्लंडचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशर परगण्यातल्या जुन्या जन्मनोंदी तपासल्या. जन्माच्या वेळी आणि पहिल्या वर्षी ज्या मुलग्यांचं वजन कमी होतं, त्यांच्यात मोठेपणी हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त होते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या मुलाचा रक्तदाब म्हणूनच अधूनमधून बघावा लागतो.

दोष एकट्या आईचा नाही

अशी माहिती घरात आली की बोट लगेच सुनेकडे वळतं. पण तिला मशेरीची सवय कुणी लावली? शेजारच्या खोलीत सिगारेट कोण पेटवत होतं? त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात ३८.७ टक्के प्रौढांनी घरात दुसऱ्याच्या धुराचा त्रास होतो असं सांगितलं. लहान घरात खिडकी उघडून धूर जात नाही. गरोदर बाईला 'तू सोड' सांगण्याआधी घरातल्या पुरुषाने आपली सिगारेट सोडली आणि सासूबाईंनी मशेरीची डबी बाजूला ठेवली, तर तिचं काम निम्मं सोपं होतं.

आता काय करता येईल?

गरोदर असाल तर: आजच थांबा. उशीर झाला असं समजू नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात पंधराव्या आठवड्याआधी सिगारेट सोडलेल्या स्त्रियांमध्ये मुदतीआधी बाळंतपण होण्याचं आणि बाळ लहान राहण्याचं प्रमाण सिगारेट न ओढणाऱ्यांइतकंच होतं. मशेरी लावत असाल तर डॉक्टरांना न लाजता सांगा. दारूची रोजची सवय असेल तर ती मनाने एकदम तोडू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या सरकारी हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो.

मूल मोठं झालं असेल तर: तपासणीच्या वेळी त्याचं जन्मवजन आणि गरोदरपणातल्या सवयी डॉक्टरांना खरंखरं सांगा. रक्तदाब मुलांच्या मापाच्या पट्ट्याने मोजायला सांगा, कारण मुलांचे आकडे वय आणि उंचीनुसार बदलतात. रोज तासभर घाम येईल असा खेळ असू द्या. पापड, लोणचं, चिप्स, फरसाण यांतलं मीठ कमी करा.

घरात किशोरवयीन मूल असेल तर: ब्रिस्टलमधल्या अभ्यासाबद्दल त्याला नक्की सांगा. तिथे १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या आरोग्याची नोंद अनेक वर्षं ठेवली जात आहे. त्यातल्या १,२६६ मुलामुलींचा निष्कर्ष २०१८ मध्ये आला. सतरा वर्षांपर्यंत शंभराहून जास्त सिगारेट ओढलेल्यांच्या धमन्या, वीस किंवा त्याहून कमी ओढलेल्यांपेक्षा कडक झाल्या होत्या. खूप दारू पिणाऱ्यांच्याही. पण ज्यांनी त्याच वयात या सवयी सोडल्या, त्यांच्या धमन्या पुन्हा पूर्ववत झाल्या होत्या.

हे शेवटचं वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवण्यासारखं आहे. गर्भातल्या महिन्यांवर तुमच्या मुलाचा काहीच ताबा नव्हता. पंधराव्या वर्षी मित्राने पुढे केलेली पहिली सिगारेट नाकारणं मात्र त्याच्या हातात आहे, आणि त्या वयात शरीर अजून साथ देतं.

तेव्हा आज संध्याकाळी दोन कामं करा. मुलाची जन्माची फाइल शोधून वजन बघून ठेवा. आणि मोरीतल्या फळीवरची ती मशेरीची डबी कुणाची आहे, हे रागावता, प्रेमाने विचारा.