अंकगणिती श्रेढीचा सराव : ‘वजा एक’ची अडचण

बडोद्यातील छाणी परिसरात घरी मराठी बोलणारा व गुजराती माध्यमात शिकणारा विद्यार्थी असेल, तर ‘अंकगणिती श्रेढी’ व ‘समांतर श्रेणी’ ही एकाच संकल्पनेची नावे आहेत, हे त्याला प्रथम सांगावे. खरी अडचण मात्र सूत्रातील ‘वजा एक’ची असते.

पहिल्या महिन्यात ५० रुपये व पुढे दरमहा १० रुपये वाढवून बचत केली, तर बाराव्या महिन्यात किती? काही विद्यार्थी ५० मध्ये १२० मिळवून १७० सांगतात. वाढ अकरा वेळाच होते, उत्तर १६०. म्हणून सूत्राआधी बारा आकडे ओळीने लिहवून मधल्या वाढी मोजून घ्याव्यात.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (इ. स. ११५०, फैजीकृत फारसी अनुवाद १५८७) हीच रीत आहे. गच्छातून, म्हणजे पदसंख्येतून, एक वजा करून चयाने गुणावे व पहिले पद मिळवावे, की अंत्यधन येते. पहिल्या व अंत्य पदाची निम्मी बेरीज म्हणजे मध्यधन; त्यास गच्छाने गुणले की सर्वधन. येथे १०५ गुणिले १२, म्हणजे १२६० रुपये.

यानंतर उलट प्रश्न द्यावा : १२६० रुपये किती महिन्यांत जमतील? वर्गसमीकरणातून १२ व वजा २१ अशी दोन उत्तरे येतात. दुसरे का सोडायचे, हे विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावे.