खापर बिडाच्या ड्रमावर नको

रेवदंड्यात समुद्र कुठल्याच घरापासून फार लांब नाही. समजा, इथल्या नारळी-पोफळीच्या एका वाडीत, पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली एमजी टीडी उभी आहे. १९५०च्या सुमारास इंग्लंडात बनलेली, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी. चारही चाकांना नऊ इंची ड्रम ब्रेक. पावसाळा सरल्यावर मालक मुंबईहून येतात. इंजिन सुरू होते, पण गाडी जागची हलत नाही. धक्के मारून हलवली, तर ब्रेक दाबताच डावीकडे ओढते. मग प्रत्येकजण सल्ला देऊ लागतो. त्यातले नेहमीचे सल्ले तपासून पाहू.

गैरसमज : ड्रम ब्रेक मुळातच कमजोर. काढून डिस्क बसवा.

वस्तुस्थिती : चाकाच्या फिरण्याच्या दिशेने उघडणारा ब्रेक शू ड्रमला टेकला की फिरता ड्रमच त्याला स्वतःकडे आणखी ओढून घेतो. पायाचा जोर त्यामुळे आपोआप वाढतो. टीडीच्या पुढच्या चाकांत दोन्ही शू असेच बसवलेले आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र व्हील सिलिंडर आहे. म्हणून ही गाडी बूस्टरशिवायही नीट थांबते. मात्र रिव्हर्समध्ये हाच फायदा उलटतो आणि पुढचे ब्रेक ढिले वाटतात. मांडव्याच्या रो-रो जेटीच्या उतारावर गाडी मागे घेताना हे ध्यानात ठेवावे.

ड्रमची खरी दुखरी नस म्हणजे उष्णता. हजार किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवली, तर एक लिटर पाणी जवळपास ६० अंशांनी तापेल इतकी उष्णता ब्रेकमध्ये तयार होते. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून दूर जातो आणि पेडल खोल जाते. लायनिंगची पकडही उष्णतेने घटते. डिस्क उघड्या हवेत असल्याने लवकर थंड होते. १९५३च्या ल मांस शर्यतीत जॅग्वार डिस्क ब्रेकसह जिंकली, तेव्हा हा फरक जगाला दिसला. पण आपल्याला शर्यत जिंकायची नाही. कार्लेखिंड उतरताना खालचा गिअर ठेवला आणि ब्रेकवर सतत पाय ठेवला नाही, तर चांगल्या स्थितीतले ड्रम पुरेसे आहेत.

गैरसमज : पेडल खोल गेले म्हणजे लायनिंग संपले.

वस्तुस्थिती : पेडल तीन वेगवेगळ्या तक्रारी सांगते. दोन-तीनदा पंप केल्यावर ते वर येऊन कडक लागत असेल, तर बहुधा शू आणि ड्रममधले अंतर वाढले आहे. ॲडजस्टर फिरवून शू जवळ घ्यावे आणि लायनिंग किती उरले ते पाहावे. पेडल स्पंजासारखे दबत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे. ब्लीडिंग करून ती काढावी लागते. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरचे वॉशर गेले आहेत किंवा कुठे तरी गळती आहे. या गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच तेलाचा मार्ग असतो. एका जागी पाइप फुटला, तर पायाचा ब्रेक पूर्ण जातो आणि हातब्रेक तेवढा उरतो. त्यामुळे गळती दिसली की गाडी तिथेच थांबवावी.

गैरसमज : ड्रम निघत नसेल, तर हातोडा घाला.

वस्तुस्थिती : ड्रम बिडाचा असतो. बीड वाकत नाही, तडकते. वर्षानुवर्षांच्या वापराने ड्रमच्या आत खाच पडते आणि कडेला कंगोरा उरतो. खाऱ्या हवेत त्यावर गंज चढतो आणि शू त्यात अडकतात. आधी हातब्रेक सोडावा, ॲडजस्टर पूर्ण ढिला करावा आणि मग ड्रमभोवती लाकडी ठोकळा धरून हलके ठोके द्यावेत. गंज सोडवणारे तेल हबच्या कडेला थेंबभरच. ते लायनिंगवर गेले, तर नवे काम अंगावर येते.

गैरसमज : लेथवर घासून ड्रम चकचकीत झाला की काम झाले.

वस्तुस्थिती : प्रत्येक टर्निंगला ड्रम पातळ होतो. पातळ ड्रम लवकर तापतो, जास्त फुगतो आणि शेवटी तडकतो. म्हणून उत्पादकाने दिलेल्या कमाल व्यासापलीकडे जाऊ नये आणि एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम सारख्या मापाचे करावेत. दुसरे म्हणजे, व्यास वाढला की जुन्या गोलाईचा शू फक्त मधोमध टेकतो. तपासायला साधा खडू पुरतो. ड्रमच्या आत खडू फासून शू त्यावर फिरवावा. लायनिंगवर जिथे पांढरे उमटेल, तिथेच पकड मिळते. पांढरे मधल्या पट्ट्यातच दिसले, तर लायनिंगला ड्रमच्या मापाची गोलाई द्यावी लागते.

गैरसमज : तेल लागलेले लायनिंग पेट्रोलने धुऊन चालते.

वस्तुस्थिती : वरचे तेल निघते, आत मुरलेले उरते. लायनिंग तापले की ते पुन्हा वर येते आणि गाडी पुन्हा एका बाजूला ओढते. आधी गळणारा व्हील सिलिंडर किंवा ॲक्सलचे ऑइल सील बदलावे. मग त्या ॲक्सलच्या दोन्ही चाकांना एकाच जातीचे नवे लायनिंग घालावे. ‘जास्त टिकेल’ म्हणून भलते कडक लायनिंग घेऊ नये. त्याला पायाचा जोर जास्त लागतो आणि ते ड्रमही खाते.

गैरसमज : ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवावी.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत धोकादायक सल्ला. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात आणि काही दशकांनंतरही कर्करोग होऊ शकतो. धूळ ओली करून फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे आणि चांगल्या प्रतीचा मास्क लावावा. लायनिंग कोरडे घासू नये.

गैरसमज : गाडी फिरलीच नाही, मग ब्रेक ऑइल कशाला बदलायचे?

वस्तुस्थिती : नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषते आणि कोकणात वाफेला तोटा नाही. डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. गरम ब्रेकमध्ये ते उकळले की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते. शिवाय त्याच पाण्याने सिलिंडर आतून गंजतो आणि पिस्टन अडकतो. तेल दोन वर्षांनी तरी पूर्ण बदलावे. इंजिन ऑइल त्यात चुकूनही घालू नये, कारण त्याने रबरी वॉशर फुगतात.

गैरसमज : नवे लायनिंग घातले की गाडी ‘विंटेज’ राहत नाही.

वस्तुस्थिती : केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. त्यात अडचण येते ती चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला तर. लायनिंग झिजण्यासाठीच असते आणि ते बदलणे ही देखभाल आहे.

आता सुरुवातीची ती न हलणारी गाडी. बहुतेक वेळा तिचा दोष झिजेत नसतो. हातब्रेक ओढून ती चार महिने दमट, खाऱ्या हवेत उभी राहते आणि शू ड्रमला गंजाने चिकटतात. म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी एवढेच करा : गाडी सपाट जागी लावा, चाकांना लाकडी ठोकळे लावा, हातब्रेक सोडून ठेवा आणि उघडीप मिळेल तेव्हा तिला वाडीतल्या वाडीत चार हात पुढे-मागे करा.