एका पाकिटात दोन क्रम

पेन ड्राइव्हवरून ५१२ बाइटांचे ८ ब्लॉक वाचायचे आहेत. त्यासाठी लिनक्समधला यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हर ३१ बाइटांचं एक पाकीट पाठवतो. पहिले १५ बाइट यूएसबीच्या आवरणाचे. त्यातल्या संख्या लिटल एंडियन, म्हणजे कमी किमतीचा बाइट आधी. उरलेल्या १६ बाइटांत स्कझी या प्रोटोकॉलची आज्ञा बसते, आणि स्कझीचा क्रम नेमका उलटा, म्हणजे बिग एंडियन. एकूण ४,०९६ बाइटांची लांबी आवरणात ०० १० ०० ०० अशी जाते, आतल्या आज्ञेत ब्लॉकांची संख्या ०० ०८ अशी. पहिली उलट वाचली गेली तर १०,४८,५७६ बाइट, दुसरी उलटली तर २,०४८ ब्लॉक.

अशा वेळी ‘आपला प्रोसेसर कोणता’ हे तपासणारे #इफडेफ कोडभर पेरले जातात. तो प्रश्न ड्रायव्हरने विचारूच नये. पाकिटातला क्रम प्रोटोकॉलने ठरवलाय. यंत्र बदललं म्हणून तो बदलत नाही. लांबी भरताना ‘सीपीयू_टू_एलई३२’ लिहावं. इंटेलच्या प्रोसेसरवर त्याचा काहीच कोड बनत नाही, बिग एंडियन पॉवरपीसीवर बाइटांची अदलाबदल होते.

पण हे लिहायचं राहिलं तर? इंटेलवर सगळं सुरळीत चालतं, चूक दडून राहते. म्हणून पाकिटाच्या स्ट्रक्चरमध्ये लांबीचा प्रकार साधा ‘यू३२’ नसून ‘__एलई३२’ असतो. जीसीसी कंपायलरला दोन्ही सारखेच. पण लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००३मध्ये सुरू केलेलं ‘स्पार्स’ हे तपासणीचं साधन त्यांना वेगळं मानतं आणि सरमिसळ दिसताच इशारा देतं. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत मोलाचं ते हेच, कारण चूक बिग एंडियन यंत्र हाताशी नसतानाही पकडली जाते. त्याच स्ट्रक्चरमधला ‘टॅग’ मात्र साधा ‘यू३२’ आहे, आणि ते बरोबरच आहे: डिव्हाइस तो जसाच्या तसा परत पाठवतं, त्याची किंमत कधी पाहत नाही.

आज्ञेतला ब्लॉकचा पत्ता पाकिटाच्या सुरुवातीपासून १७ बाइटांवर येतो. १७ ही चारची पट नाही. तिथे ‘यू३२’चा पॉइंटर रोखून लिहिलं तर काही प्रोसेसर अडतात. ‘पुट_अनअलाइन्ड_बीई३२’ एकेक बाइट जागच्या जागी ठेवल्यासारखं काम करतं. क्रम आणि जागा दोन्ही सांभाळले जातात.

पीसीआय कार्डावरच्या यूएसबी कंट्रोलरची रजिस्टरं वाचताना उलट काळजी घ्यावी लागते. ‘रीडएल’ रजिस्टर लिटल एंडियन धरून रूपांतर स्वतःच करतं; त्यावर पुन्हा ‘एलई३२_टू_सीपीयू’ लावलं तर बिग एंडियन यंत्रावर बाइट दोनदा उलटतात.